आमची वाटचाल: रंग एक, करडा मात्र भरपूर

फाटक्या, डाग पडलेल्या, पिवळ्या झालेल्या फोटोंची दुरुस्ती, एवढ्यावर आमचा रिटचिंगचा व्यवसाय सुरू झाला. फोटो कृष्णधवल करून त्यातली एकच वस्तू रंगीत ठेवायची कामं नंतर आली, आणि आली ती लोंढ्यासारखी. लाल गुलाब, पिवळी छत्री, निळे डोळे. प्रत्येक अल्बममध्ये असा एखादा फोटो हवाच असायचा. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे फोटो पूर्ण रंगीतच बरे दिसले असते. पण आमचं बस्तान बसलं ते याच कामांवर.

वरवर पाहता यात काही अवघड नाही. फोटोशॉप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगीत फोटोवर ब्लॅक अँड व्हाइटचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ फोटो न बदलता वर बसणारा थर, टाकायचा आणि त्याच्या मास्कवर, म्हणजे तो थर कुठे दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर, काळ्या ब्रशने हवी ती वस्तू रंगवायची. तेवढ्या जागी खालचा रंग उघडा पडतो. हात चुकला तर पांढरा ब्रश फिरवायचा, मूळ फोटोला धक्का लागत नाही. आमच्याकडे नवीन आलेली मुलं एवढं चटकन शिकतात. वेळ लागतो तो करडा समजायला.

फोटोशॉपमधली डीसॅच्युरेट, म्हणजे रंग काढून टाकणारी, कमांड घ्या. ती प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांपैकी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी काढते. त्यामुळे शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा, तिन्हींचा अगदी एकच करडा होतो! डोळ्याला तसं दिसत नाही. त्याला हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत गडद वाटतो. जुन्या टीव्हीच्या मानकात उजळपणा काढताना हिरव्याला ५८.७ टक्के, लालला २९.९ आणि निळ्याला फक्त ११.४ टक्के वजन दिलेलं आहे, ते याच कारणाने.

२००७ साली फोटोशॉप सीएस३ मध्ये ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट आलं आणि आमचं काम बदललं. प्रत्येक रंगाचा करडा उजळ-गडद करणारे सहा स्लायडर: लाल, पिवळा, हिरवा, सियान, निळा, मजेंटा. झाडी किती गडद, आकाश किती खोल, चेहरा किती उजळ, हे वेगवेगळं ठरवता येऊ लागलं. लाल छत्रीमागची झुडपं थोडी गडद केली की छत्री आपोआप पुढे येते, तिचा लाल भडक करावा लागत नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

ओठांचं काम आजही हातानेच होतं. त्वचेचा रंग म्हणजे शेवटी फिका नारिंगी-लालच, त्यामुळे रंगावरून सिलेक्शन केलं की ओठांबरोबर गाल आणि कानही येतात. लाल कपड्यावर रुळणारे केस ही दुसरी डोकेदुखी. पण मला आवडतं ते काचेच्या फुलदाणीचं काम. पाण्यात आणि काचेच्या कडेवर फुलाचा रंग उतरलेला असतो. तो पुसला तर फूल चिकटवल्यासारखं दिसतं. तिथे मास्कवर काळ्याऐवजी करडा ब्रश घेऊन रंग अर्धवट राखावा लागतो.

मोबाइलमधली अ‍ॅप्स बोटाच्या एका टिचकीत हा परिणाम देऊ लागली तेव्हा किरकोळ कामं गेली. वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. छपाईची कामं मात्र टिकली. पडद्यावरचा झळझळीत लाल चार शाईंच्या छपाईत मंदावतो, आणि चारही शाया मिसळून केलेल्या करड्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते. पूर्ण रंगीत फोटोत ती खपून जाते, इथे लगेच नजरेत भरते. म्हणून मोठ्या कामाआधी आम्ही त्याच कागदावर चाचणी प्रिंट काढून घेतो.

नव्या ग्राहकाकडे आम्ही आधी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, मागतो. कॅमेरा मोनोक्रोमवर, म्हणजे कृष्णधवलवर, ठेवला असला तरी रॉमध्ये रंगाची माहिती शाबूत असते. पण तसा ठेवून फक्त जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेली फाइल, काढलं असेल तर राखायला रंग उरलेलाच नसतो. मग तो हाताने भरावा लागतो, आणि त्या कामाचा दर वेगळा.