ऐंशीच्या आत

स्की रेसिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डाउनहिल येते. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वेग, हवेत झेपावणारी माणसं, ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलचा तो भयंकर उतार. माझी कारकीर्द यातल्या कशातच गेली नाही. ती गेली स्लॅलममध्ये, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या गेटांमधून वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीत, आणि खरं सांगायचं तर स्लॅलमइतकीच आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या, म्हणजे एफआयएसच्या, पॉइंटांच्या यादीत.

वर्ल्ड कपच्या शर्यतीत उतरायचं तर देशाच्या कोट्यात जागा हवी आणि त्या प्रकारात तुमचे पॉइंट ८० च्या आत हवेत. इथे पॉइंट जितके कमी तितकं चांगलं. यादीत सगळ्यात वरच्या खेळाडूचे शून्य, आणि नावावर एकही निकाल नसलेल्याचे ९९९.९९. सोळाव्या वर्षी मी त्या दुसऱ्या टोकाला होते. गेल्या बारा महिन्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन निकालांची सरासरी काढतात; एकच निकाल असेल तर वर २० टक्के चढवतात. वर्ष उलटलं की निकाल बाद. त्यामुळे फेब्रुवारीत केलेली कमाल पुढच्या फेब्रुवारीत तुमच्या हातून निसटते, आणि त्याच आठवड्यात दुसरी कमाल करून दाखवावी लागते.

घरच्यांना हे हिशेब समजावणं सगळ्यात अवघड गेलं. एका छोट्या शर्यतीत मी तिसरी आले तेव्हा अभिनंदनाचे फोन थांबेनात. पण त्या शर्यतीतून मला काहीच मिळालं नव्हतं. उलट एका मोठ्या शर्यतीत पहिल्या तिसांतही नव्हते, आणि तो निकाल मी वर्षभर जपून वापरला.

कारण असं की पॉइंट क्रमांकावर मिळत नाहीत, वेळेवर मिळतात. स्लॅलममध्ये ७३० हा ठरलेला आकडा. विजेतीच्या दोन फेऱ्या मिळून १०० सेकंद झाले आणि तुम्ही ५ सेकंद मागे राहिलात, तर ७३० च्या पाच टक्के, म्हणजे ३६.५. यात त्या शर्यतीची पेनल्टी, म्हणजे सगळ्यांना सारखाच लागणारा एक आकडा, मिळवायची, आणि खरी गोम तिथेच आहे. शर्यतीत उतरलेल्यांपैकी सर्वोत्तम पाच जणी आणि पहिल्या दहांत आलेल्यांपैकी सर्वोत्तम पाच जणी, यांच्या पॉइंटांवरून पेनल्टी ठरते. दांडग्या मुली आलेल्या असतील तर पेनल्टी समजा ३०. मग ५ सेकंद मागे राहूनही तुमचे ६६.५. कच्च्या मुलींच्या शर्यतीत ती ९५ असेल तर फक्त २ सेकंद मागे राहून तिसरं येऊनही १०९.६.

म्हणून आदल्या संध्याकाळी टीम कॅप्टनच्या बैठकीत आम्ही आधी यादी चाळायचो: उद्या कोण कोण आहे? वर्ल्ड कपमधली एखादी दुखापतीतून परतताना सरावासाठी छोट्या शर्यतीत उतरली की सगळ्यांचे चेहरे खुलायचे. मात्र तिने शर्यत पूर्ण करायला हवी. ती मध्येच पडली तर पहिल्या दहांतून तिचं नाव गेलं आणि पेनल्टी चढली. प्रतिस्पर्धी खाली सुखरूप पोहोचावी म्हणून उरलेल्या सगळ्या जणी देवाला साकडं घालतात, असा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

आता उतारावरची गोष्ट. पॉइंटांत पहिल्या पंधरा जणींचे सुटण्याचे नंबर सोडतीने ठरतात, बाकीच्या पॉइंटांच्या क्रमाने. पॉइंट वाईट, म्हणून नंबर मागचा. नंबर मागचा, म्हणून उतार उखडलेला. उतार उखडलेला, म्हणून वेळ वाईट. ऐंशी-नव्वदचा बिब, म्हणजे नंबराचं जाकीट, घालून उभं राहिलं की खालून येणारा आवाजच सांगतो. सुरुवातीच्या मुलींची स्की बर्फावर करकरत जाते, नंतरच्यांची धडधडते. प्रत्येक गेटखाली चाकोरी पडलेली असते, तळाशी निळसर काचेसारखा बर्फ आणि कडेला बर्फाचा भुसा. चाकोरीच्या बाहेरून जावं तर लांब पडतं, आत शिरावं तर ती तुम्हाला तिच्याच वेळेला बाहेर फेकते. मी आत शिरायला शिकले. वळण गेटच्या बरंच वरून सुरू करायचं, बाहेरच्या पायावर वजन आधीच टाकायचं आणि चाकोरी लागते तोवर काम संपलेलं असायला हवं. सरावात म्हणूनच मी ताजा उतार टाळायचे. सगळ्यांचा सराव उरकला की मागे राहून त्याच खड्ड्यांतून पुन्हा जायचे. प्रशिक्षकांना हे फारसं रुचायचं नाही.

दुसऱ्या फेरीत मार्ग नव्याने लावतात आणि पहिल्या फेरीतली तिसावी सगळ्यात आधी सुटते. माझी नजर त्यामुळे विजेतीवर नसायची, तिसाव्या जागेवर असायची. ती मिळाली की मागचा बिब घालूनही कोरा उतार!

रात्री तळघरात स्कीचं काम. कडेची धार ८७ अंशांवर: आधी कानस, मग डायमंड स्टोन, मग नखावर घासून बघायचं, नखाचा पातळ कीस निघाला की झालं. मग मेण, इस्त्री, खरवडणी, ब्रश. मोठ्या संघांकडे याला वेगळा माणूस असतो. आमच्याकडे मीच.

उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सची किंवा स्वित्झर्लंडमधल्या झास-फेची हिमनदी, जमलं तर ऑगस्टमध्ये न्यूझीलंड. मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. त्या काळाबद्दल एवढंच सांगते: आपल्या देशाच्या महासंघामार्फत दुखापतीचा अर्ज वेळेवर करा, जुने पॉइंट राखता येतात. व्यायामाचं सगळेच सांगतात, अर्जाचं कुणी सांगत नाही.

ऐंशीच्या आत आले ते वर्ल्ड कपच्या खालच्या पायरीवरच्या युरोपा कपमधल्या दोन निकालांवर, दोन्ही पहिल्या तिघींपासून फार लांबचे. नंतर वर्ल्ड कपच्या शर्यतीत उतरायलाही मिळालं. तिथे दुसरी फेरी फक्त पहिल्या तीस जणींना. मी त्यांत नव्हते, आणि दुसरी फेरी नाही म्हणजे निकाल नाही, पॉइंटही नाहीत. लगेच पुन्हा युरोपा कप गाठला, कारण माझा एक चांगला निकाल महिन्याभरात बाद होणार होता. शेवटच्या काही हंगामांत जायंट स्लॅलम, म्हणजे गेट लांब लांब असलेला प्रकार, सोडून दिलं. १८८ सेंटीमीटरच्या त्या लांबलचक जोड्या वाहायच्या आणि त्यांनाही धार लावायची, तेवढा वेळ स्लॅलमला मिळाला.