सीएनसीला स्क्रू कुठला लावायचा

लाईट गेली आणि माझ्या सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) झेडवरचा, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या दिशेवरचा, स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) आपोआप खाली सरकत जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, येऊन टेकला, स्क्रूचं लीड म्हणजे काय हे मला तेव्हा खरं कळलं.

तिन्ही अ‍ॅक्सिसला मी टी८ (८ मिमी जाड स्क्रू) लावला होता, थ्रीडी प्रिंटरला असतो तोच, स्वस्त आणि कुठेही मिळतो. पण त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २ मिमी असला तरी आटे फोर स्टार्ट (चार आटे शेजारी-शेजारी), म्हणजे एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो, हेच लीड. एवढा तिरका आटा वजन धरून ठेवत नाही, मोटरचा करंट बंद झाला की स्पिंडलच्याच वजनाने स्क्रू उलटा फिरायला लागतो. मग झेडला सिंगल स्टार्ट, २ मिमी लीडवाला टाकला, आता जागचा हलत नाही. स्पीड कमी होतो, ६०० आरपीएमला मिनिटाला १२०० मिमीच, पण झेडला तेवढं भरपूर आहे.

एक्सचं, म्हणजे आडव्या दिशेचं, दुखणं वेगळंच. ९०० मिमी लांब स्क्रू, जरा पळवला की मधोमध झोके घ्यायचा आणि सगळी फ्रेम थरथरायची. लांबी दुप्पट झाली की थरथर चौथाई स्पीडलाच सुरू होते, जाडी दुप्पट केली तर मात्र दुप्पटच सूट मिळते, त्यामुळे लांब अ‍ॅक्सिसला ८ मिमी घेऊच नका. मी १६०५ बॉल स्क्रू (ज्याच्या नटात छर्रे फिरतात) घेतला, १६ मिमी जाड, ५ मिमी लीड.

आणि बॅकलॅशचा, म्हणजे दिशा बदलताना जाणवणाऱ्या ढिलेपणाचा, सगळा दोष नटाला देऊ नका प्लीज! एमडीएफमध्ये ५० मिमीचा गोल कापला तर कडेवरून बोट फिरवताना चार ठिकाणी बारीक पायरी लागायची, बरोबर जिथे अ‍ॅक्सिस दिशा बदलतो तिथे. नट बदलला तरी तेच. शेवटी स्क्रूच्या टोकाला डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून टेबल हाताने ढकललं तर काटा हलला, म्हणजे अख्खा स्क्रूच मागेपुढे होत होता, कारण त्याला अडवायला बेअरिंगच नव्हतं, सगळा जोर मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या त्या कापे मारलेल्या कपलिंगवर आणि ते स्प्रिंगसारखं ताणलं जायचं. म्हणून १६०५ घेताना बीके१२, बीएफ१२ ब्लॉक (स्क्रूची दोन्ही टोकं धरणारे बेअरिंगचे ठोकळे) सोबतच घ्या, पैसे कमी पडत असतील तर थोडं थांबा पण ब्लॉकशिवाय बसवू नका.

बॉल स्क्रू झेडला लावणार असाल तर तोही वजनाने खाली येतो, ब्रेकवाली मोटर लागते. आणि त्याचा नट नुसता फिरवून बाहेर काढायचा नाही, आतले छर्रे भराभर खाली पडतात, काढायचाच असेल तर आट्याच्या तळाएवढ्या जाडीचा पाईप टोकाला टेकवून नट सरळ त्याच्यावर घ्यायचा.