झगा कुठल्या मापाचा

आज सकाळच्या वाचनात बायबलमधल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा दुसरा अध्याय होता. शिलोच्या मंदिरातला याजक (पुजारी) एली, त्याच्या मुलांची पापं, देवाचा राग, सगळं मोठं मोठं चाललंय आणि मधेच एक साधी ओळ, की शमुवेलची आई दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा करून न्यायची, नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञाला शिलोला जायची तेव्हा. कितीदा वाचलंय हे, पण आज तिथेच अडकले. हन्नाने, म्हणजे त्या आईने, माप कुठून घेतलं असेल? दूध तोडल्यावर पोरगं मंदिरात नेऊन सोडलेलं, रोज काही नजरेसमोर नाही, म्हणजे अंदाजच की. गेल्या वर्षी इथवर आला होता, आता बाह्या इतक्या लागतील. वर्षभर ती बाई त्याला मनातल्या मनात मोजतच असणार.

आणि आपली मुलं चोवीस तास घरात असून आपण कधीकधी जुन्याच मापाने प्रेम करत बसतो.

आमच्या मोठ्याला आता मिसरूड फुटतंय. डोक्यावरून हात फिरवला की लगेच "मम्मी प्लीज", आणि मित्रांसमोर तर माझी त्याच्याशी ओळखच नसते. मग त्याचं माप कुठलं? तर रात्री घडी केलेले कपडे ठेवायला मी त्याच्या खोलीत जाते आणि मुद्दाम हळूहळू लावत बसते. तो पाठ करून मोबाईलमध्ये. मी काही विचारलं की संपलं, "काही नाही" एवढंच उत्तर, पण मी गप्प सॉक्सच्या जोड्या लावत राहिले की आपोआप सुरू होतो, कोण कोणाशी बोलत नाही, कुठले सर उगाच चिडले, मॅचमध्ये कोणी माती खाल्ली. म्हणून हल्ली मी कपडे दोन फेऱ्यांत नेते :)

धाकटीचं उलट. गुडघ्यावरची खपली रोज बघावी लागते, लाईट लावून, नीट जवळून, "कालच्यापेक्षा सुकली ना?" म्हणून. नुसतं हो हो म्हटलेलं तिला लगेच कळतं.

मला वाटतं प्रभू येशूला हे फार चांगलं जमायचं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात याईर नावाच्या माणसाची 12 वर्षांची मुलगी मेलेली उठते, घरातले सगळे थक्क, आणि येशू काय सांगतो, तर हिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारातसुद्धा पोरीला भूक लागली असेल हे त्याच्या लक्षात! आणि 10व्या अध्यायात शिष्य लेकरं आणणाऱ्यांना दटावतायत, तेव्हा लांबूनच सगळ्यांना मिळून एक आशीर्वाद देऊन मोकळं होता आलं असतं, पण नाही, त्याने त्यांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले. म्हणून मीपण रात्री दोघांवर हात ठेवून प्रार्थना करते, मोठ्याला झोप लागल्यावर. परवा मधेच डोळे न उघडता म्हणाला, जाताना लाईट बंद कर. म्हणजे जागाच होता, पण हात काही झटकला नाही.

एक मात्र मला पटत नाही, आपण ख्रिस्ती आया प्रत्येक गोष्टीला बायबलमधलं वचन चिकटवायला बघतो. पडला की वचन, मार्क कमी पडले की वचन, भांडण झालं की क्षमेवर पाच मिनिटं. सॉक्स लावताना मी एक जरी वचन काढलं ना तर तो दुसऱ्या दिवसापासून आपले कपडे आपणच नेईल. त्याच्यासाठी जे बोलायचं ते मी देवाशी बोलते, ते बरं पडतं. आता त्याच्या शाळेच्या डब्यात मी चिठ्ठी ठेवते, त्यावर आधी वचनच असायचं. तर एक दिवस चिठ्ठी तशीच परत आली, मागे पेन्सिलने लिहिलेलं, वचन संडे स्कूलला मिळतंच, तू जोक लिही. तेव्हापासून रोज रात्री जोक शोधत बसते, त्यात जुना असला की साहेब मागे "आउट" लिहून पाठवतात.