सिम रेसिंगची सीट: आधी हवेची वाट, मग पंखा

सिम रिगच्या (घरी कॉम्प्युटरवर गाडीच्या शर्यती खेळायला स्टीअरिंग, पेडल आणि सीट बसवलेल्या सांगाड्याच्या) सीटला हवा द्यायची ठरली की बहुतेक जण आधी पंखा विकत घेतात आणि तो कुठे अडकवायचा हे मग बघतात. हा क्रम उलटा हवा. पाठ आणि सीट यांच्यामध्ये हवेला सरकायला जागा नसेल, तर मागे कितीही दांडगा पंखा लावा, तो नुसता आवाज करत राहतो.

समोरच्या पंख्याने तोंड, मान आणि हात गार राहतात. पाठ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू मात्र बकेट सीटमध्ये, म्हणजे अंगाला बाजूंनी घट्ट धरणाऱ्या रेसिंगच्या सीटमध्ये, बंदच असते. तिथे घाम येतो, पण वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यावर. तासाभरात १०० ग्रॅम घाम वाळला, तर तो साधारण ६५ ते ७० वॅट उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (थेट मोटरवर बसवलेलं, हाताला जोर लावायला लावणारं स्टीअरिंग) आणि लोडसेल ब्रेक (पायाचा जोर मोजणारं ब्रेक पेडल) वापरताना शरीराची उष्णता आणखी वाढते. सीटमधून येणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा गार नसते, तशी असायची गरजही नाही. ती कोरडी असावी आणि हलती असावी. खोली फार दमट असेल तर परिणाम कमी जाणवणार, मग पंखा कोणताही घ्या.

आता हवेची वाट. सीटच्या कवचापासून अंगापर्यंत थर असे असावेत: कवच, त्याला पाडलेलं हवेचं भोक, त्यावर हवा पसरवणारी पोकळी, मग स्पेसर मेश आणि सगळ्यात वर जाळीदार कापड. यातला जीव स्पेसर मेशमध्ये आहे. वर-खाली दोन जाळ्या आणि मध्ये उभे ताठ धागे अशी त्याची रचना असते, त्यामुळे वजन पडलं तरी आतून आडवी हवा वाहू शकते. १० मिमी जाडीचा घ्या. विकत घेण्याआधी तळहाताने जोर देऊन दाबून बघा. निम्म्यापेक्षा जास्त चेपला तर तो पाठीसाठी उपयोगाचा नाही. कारण सरळ आहे: लोडसेलवर ५०-६० किलो जोर देता, तेव्हा तोच जोर उलटा कंबरेवर आणि पाठीवर येतो. मऊ मेश प्रत्येक ब्रेकिंगला सपाट होतो आणि नेमका कंबरेपाशी रस्ता बंद पडतो. तिथे ताठ मेशचे दोन थर द्या.

कापडाकडे दुर्लक्ष होतं. छिद्रं पाडलेलं रेक्झिन दिसायला छान, पण १ मिमीची छिद्रं ५ मिमी अंतरावर असतील तर उघडी जागा जेमतेम ३ टक्के भरते, आणि त्यातलीही बरीच अंगाखाली दाबली जाते. साधं जाळीचं कापड त्याहून कितीतरी सरस.

फोमचंही तसंच. ईव्हीएसारखा बंद पेशींचा फोम हवा अजिबात जाऊ देत नाही. ओपन सेल पीयू फोममधून जाते, पण फार सावकाश. त्यामुळे फोममध्ये खाचा कापाव्या लागतात: २० ते २५ मिमी रुंद, १० ते १२ मिमी खोल, हवेच्या भोकापासून पंजाच्या बोटांसारख्या फाकलेल्या. धार लावलेल्या पातळ नळीने ८-१० मिमीची आरपार भोकंही पाडता येतात. वरचा थर चिकटवताना स्प्रेचा गोंद सगळीकडे मारू नका, पोकळ्या बुजतात. फक्त कडेने २-३ सेंमीची पट्टी पुरते, आणि ती सलग हवी. हवा सोपी वाट शोधते. कडेला फट राहिली की सगळी हवा तिथूनच निसटते.

पंख्याबद्दल माझं मत ठाम आहे: ब्लोअर घ्या, म्हणजे बंद खोक्यातून एका तोंडाने दाबाने हवा फेकणारा पंखा. कॉम्प्युटरच्या केसचा १२० मिमी पंखा मोकळ्यात भरपूर हवा फेकतो, पण त्याचा दाब साधारण १ ते ३ मिमी पाण्याच्या स्तंभाइतकाच असतो. माणूस बसल्यावर मेशचा विरोध वाढतो आणि पाती जागच्या जागी हवा घुसळत बसतात. ९७ मिमी आकाराचा, ३३ मिमी जाडीचा १२ व्होल्टचा ब्लोअर त्याच्या कित्येक पट दाब देतो. एक पाठीला, एक बैठकीला. दोन्ही निम्म्या वेगाने चालवा. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब चतुर्थांश होतो आणि वीज जवळपास आठव्या हिश्श्यावर येते. आवाजही बराच उतरतो, जो नाहीतर मायक्रोफोनमध्ये शिट्टीसारखा शिरतो. मात्र दाब एवढा उतरतो म्हणून मुळात ब्लोअर दमदार लागतो.

हवा ढकलायची की ओढायची? घरच्या रिगला ढकलणंच बरं. गारवा लगेच जाणवतो आणि धूळ कुठून आत येते ते हातात राहतं. फक्त ब्लोअरचं तोंड कॉम्प्युटरच्या किंवा व्हीलबेसच्या (स्टीअरिंगच्या मोटरच्या खोक्याच्या) गरम हवेसमोर येऊ देऊ नका.

फायबरग्लासच्या बकेटला भोक पाडायला पाठीत दोन खांद्यांच्या मधली आणि कंबरेमागची सपाट जागा योग्य. माउंटिंग बोल्टपासून किमान ५० मिमी दूर राहा, वळणावर कापू नका. मास्किंग टेप लावून वरच्या गुळगुळीत बाजूने होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) हळू फिरवा, म्हणजे जेलकोट (वरचा चकचकीत थर) तडकत नाही. श्वसनाला पी१०० किंवा निदान एन९५ मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. ती धूळ त्वचेला दिवसभर टोचत राहते. मुदत संपलेली एफआयए ८८५५-१९९९ सीट (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या सुरक्षा मानकाची) घेतली असेल, तर भोक पाडल्यावर ती पुन्हा खऱ्या गाडीत बसवू नका. भोक पाडायचंच नसेल तर बेल्टच्या तयार खाचांमधून ५० मिमीची नळी आत घेता येते. उरलेली फट फोमने बुजवा.

जुन्या गाडीतली व्हेंटिलेटेड सीट मिळाली तर काम निम्मं झालेलं असतं, पण दोन अडचणी असतात. अनेक सीटमधले पंखे नुसत्या १२ व्होल्टवर फिरत नाहीत, त्यांना गाडीच्या कंट्रोलरचा सिग्नल लागतो. दुसरी अडचण धोक्याची आहे: बाजूच्या उशीत एअरबॅग असू शकते. तिच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावू नका. ती जाणकाराकडून काढून घ्या.

ब्लोअर थेट सीटवर स्क्रू करण्यापेक्षा ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या फ्रेमवर रबरी बुशिंगवर बसवा आणि लवचिक नळीने सीटला जोडा. बास शेकर (इंजिनची थरथर जाणवावी म्हणून सीट हलवणारं यंत्र) असेल तर सीटवरचे स्क्रू हमखास सैल होतात, बेअरिंगही लवकर कुरकुरतं.

वायरिंग: ब्लोअरच्या लेबलवरचा करंट बघा. दोन्हींचा मिळून ३ अँपिअर असेल तर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर, त्याच्याजवळच फ्यूज आणि ०.७५ चौरस मिमीची वायर. व्हीलबेसच्या अडॅप्टरवरून वीज घेऊ नका. दोन वायरींच्या ब्लोअरचा वेग बक कन्व्हर्टरने व्होल्टेज कमी करून बदला. ६-७ व्होल्टखाली ब्लोअर सुरूच होणार नाही, असं होऊ शकतं. चार पिनांच्या पंख्याला निळ्या वायरवर २५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम सिग्नल (वेग ठरवणारा, झपाट्याने चालू-बंद होणारा) लागतो, १२ व्होल्ट मात्र कायम पूर्ण द्यायचे.

लोडसेलचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो. पंखा सुरू केल्यावर पाय न लावताही कॅलिब्रेशनच्या पडद्यावर ब्रेकचा आकडा थरथरत असेल, तर पंख्याच्या वायरी पेडलच्या केबलपासून लांब न्या. ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात.

तपासणी माणूस सीटवर बसलेला असतानाच करा. रिकाम्या सीटमधून हवा नेहमीच छान येते. टिश्यूची पातळ पट्टी खांद्याजवळ, कंबरेच्या बाजूला आणि गुडघ्यामागे धरा. तिन्ही ठिकाणी ती हलली पाहिजे. फक्त खांद्यापाशी फडफडली तर वरची कड गळते आहे. कुठेच हलली नाही, पण ब्लोअरचा सूर चढला, तर वाट पूर्ण दाबली गेली आहे आणि कंबरेचा मेश बदलायला हवा.

तयार मिळणारी पंख्याची गादी हा सोपा पर्याय आहे, पण ती बसण्याची उंची २ ते ४ सेंमी वाढवते. मग डोळ्यांची पातळी, गेममधला एफओव्ही (पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन), पेडलचा कोन आणि बेल्ट सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

शर्यत संपल्यावर ब्लोअर दहा मिनिटं चालू ठेवा, नाहीतर ओलावा फोममध्ये मुरून वास धरतो. ब्लोअरच्या तोंडावर विरळ फोमचा फिल्टर लावा आणि तो महिन्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवून परत बसवा.