एवढासा रोबो: घेण्याजोगा की नाही?

माझ्या कपाटातली रूप बदलणारी खेळणी, म्हणजे तुकडे फिरवून-मिटवून रोबोची गाडी होते ते ट्रान्सफॉर्मर्स, पाहायला आलेला माणूस आधी मोठ्या रोबोंकडे वळतो. मग कोपऱ्यातला वीतभरही नसलेला एखादा उचलून हमखास विचारतो, "एवढ्याशा खेळण्याला एवढे पैसे? यात चांगलं-वाईट ठरवता तरी कसं?" मुलांसाठी घ्यायला निघालेले आईवडील हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मी त्याला रोबो म्हणूनही जोखत नाही आणि गाडी म्हणूनही नाही. दोन्हींच्या अधेमध्ये, अर्धवट उलगडलेला असताना तो हातात कसा वागतो, ते बघते. माझा निम्म्याहून जास्त निकाल तिथेच लागतो.

मोठ्या रोबोत रचनाकाराला जागा असते. गाडीचं एखादं दार कुठे बसत नसेल तर जादा बिजागरी लावून पाठीमागे दडवता येतं. नऊ सेंटिमीटरच्या रोबोत ही चैन नाही. तिथे प्रत्येक तुकड्याला दोन-दोन कामं करावी लागतात, आणि रचनाकाराने डोकं चालवलंय की वेळ मारून नेलीय ते लगेच कळतं. लहान रोबोंवर माझा जीव आहे तो याचमुळे.

उदाहरण घ्या. ट्रान्सफॉर्मर्स काढणाऱ्या अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने 2021 मध्ये 'किंगडम' मालिकेत 'कोअर' नावाचा छोटा आकार आणला. त्यातला ट्रक होणारा रोबो, ऑप्टिमस प्राइम, साधारण साडेतीन इंचांचा. ट्रकच्या केबिनच्या खिडक्या म्हणजेच रोबोची छाती, ट्रकचा मागचा भाग म्हणजे पाय, आणि मागची चाकं पायांवरच राहतात. शिवाय कोपर आणि गुडघे वाकतात. ट्रक करताना दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून दाबायचे. ते नीट बसले की बारीकसा 'टक' आवाज येतो आणि बोटाला कळतं, की बसलं. त्या 'टक'साठी मी पैसे मोजते. तो न येता तुकडे नुसते शेजारी-शेजारी टेकून राहत असतील, तर ट्रक जमिनीवरून पळवताच अंग पसरतो. मुलाला ते खेळणं आठवडाभरात नकोसं होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला 1984 चा बम्बलबी हा छोटी गाडी होणारा रोबो. तो मुळात जपानच्या टाकारा कंपनीच्या 'मायक्रोमॅन' मालिकेतला. 1983 मध्ये त्यात 'मायक्रो चेंज' नावाची शाखा निघाली, तिथली ही बुटकी फोक्सवॅगन. हॅस्ब्रोने टाकाराचे हे साचे घेतले, 'डायाक्लोन' या दुसऱ्या मालिकेतले आणखी काही घेतले आणि ट्रान्सफॉर्मर्स उभे केले. या बम्बलबीला गुडघा नाही, कोपर नाही. पाय ओढायचे, हात बाहेर काढायचे, डोकं वर करायचं, झालं. आजच्या मापाने तो ठोकळाच. तरी माझ्या मते तो उत्तम खेळणं आहे, कारण जे करायचं ते तो ठामपणे करतो आणि पाच वर्षांच्या मुलालाही कागद न बघता जमतो. सांधे मोजून गुण देणाऱ्यांशी माझं इथे अजिबात पटत नाही.

सांधे मात्र तपासायचेच, संख्येसाठी नव्हे तर घट्टपणासाठी. रोबो एका पायावर जरा पुढे झुकवून उभा करा. खुब्यात बॉल जॉइंट, म्हणजे खाचेत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, असेल आणि तो ढिला असेल, तर रोबो हळूहळू बसत जातो. नवाकोरा असूनही बसला, तर बदलून मागा. जुना झाल्यावर बसू लागला तर उपाय आहे: गोळा खाचेतून काढायचा, त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. घाईने ओलाच परत बसवला तर सांधा कायमचा चिकटतो. उलट सांधा फारच घट्ट असेल तर जोर लावू नका. वाकवल्या जागी प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली म्हणजे ते आतून ताणलं गेलंय, पुढची पायरी तुटण्याची.

पारदर्शक प्लॅस्टिककडे खास लक्ष द्या. ते दिसायला देखणं पण ठिसूळ असतं. गाडीची काच पारदर्शक असणं ठीक, पण बिजागरीची पिन त्याच काचेच्या तुकड्यातून जात असेल तर मला धाकधूक वाटते. जुना माल घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात चकचकीत सोनेरी कण मिसळलेलं प्लॅस्टिक वापरात होतं, आणि ते वर्षांगणिक इतकं कमकुवत होतं की नुसतं हाताळताना चुरा होतो. संग्राहक त्याला 'गोल्ड प्लॅस्टिक सिंड्रोम' म्हणतात. पेटीबंद तुकडासुद्धा यातून सुटत नाही. असा रोबो घेतलात तर बघण्यासाठी घ्या, त्याचं रूप बदलू नका.

रंग कमी असण्याकडे मी काणाडोळा करते. लहान आकारात कंपन्या पहिली काटछाट रंगातच करतात. चाकांच्या मधल्या वाट्या बिनरंगाच्या राहतात, दिवे नुसते उठावात. बारीक ब्रश आणि एक निवांत संध्याकाळ असली की ते घरी भागतं. पाठीवर लोंबणारं गाडीचं अर्धं टप मात्र खपवून घेत नाही. त्याच्या वजनाने रोबो मागे कलंडतो, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

आता किमतीचं. भारतात खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. बाहेरून आलेला छोटा रोबो एवढा महाग का, याचं बरंच उत्तर यात आहे. बाजारात त्याच साच्यावरून काढलेल्या नकला निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. त्यांत कडा धारदार राहतात, खुंट्या खाचेत पुऱ्या जात नाहीत, कधी उघडल्या उघडल्या रसायनाचा उग्र वास येतो. लहान मुलासाठी मी त्या सरळ नको म्हणते. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. खोक्यावर ती आधी शोधा, कोणता रोबो आहे ते नंतर बघा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर रोबोच्या हातातली बंदूक काढून वर ठेवून द्या. ती मुठीत बसण्याइतकी बारीक असते, म्हणजे घशात जाण्याइतकीही.

तेव्हा दुकानात विचाराल तर माझं म्हणणं असं: मूल सहा-सात वर्षांचं असेल तर कमी पायऱ्यांचा, घट्ट बसणारा घ्या, सांधे कमी असले तरी चालतील. दहाच्या पुढचं असेल तर 'कोअर'मधला ऑप्टिमस खुशाल घ्या. सोबतचा सूचनांचा कागद फेकू नका. रोबोची परत गाडी करताना तोच शेवटच्या चित्रापासून उलटा बघत जायचं, म्हणजे कुठला तुकडा आधी मिटायचा याचा घोळ होत नाही.