जिनिंगच्या आवारात ड्रिफ्टिंगचे पहिले धडे

ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवणं, शिकायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न गाडीचा. माझी स्विफ्ट बाद, कारण तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. हँडब्रेक ओढून तिचं मागचं अंग घसरवता येतं, पण क्षणभरच. घसरण टिकवायची तर मागच्या चाकांना जोर हवा. तसा जोर असलेल्या गाड्या आपल्या खान्देशात गल्लोगल्ली आहेत : बोलेरो, स्कॉर्पिओ, तवेरा, इको. पण त्या उंच. आडव्या घसरताना टायरने अचानक जमीन धरली की कलंडायची भीती. शेवटी मित्राच्या काकांची, म्हणजे नानांची काँटेसा मिळाली. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी 2002 साली बंद केली, नानांनी मात्र लग्नाच्या वरातीसाठी आणि निवडणुकीत मिरवायला ती जपून ठेवलेली. लांब, ठेंगणी आणि मागच्या चाकांवर चालणारी. "क्लच प्लेट तुझी, टायर तुझे, पेट्रोल तुझं," एवढ्या बोलीवर किल्ली हातात आली.

जागाही नानांचीच, पारोळ्याजवळचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. 2000 साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, त्यानंतर बऱ्याच जिनिंगांनी कापसात माती मिसळू नये म्हणून आवारात पक्कं काँक्रीट करून घेतलं. दिवाळीच्या आगेमागे तिथे कापसाच्या गंजी लागतात, पण पावसाळ्यात सगळं आवार मोकळं. फाटक बंद केलं की आत कुणी येत नाही. रस्त्यावर हे करायचा विचारही नको. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 184 खाली धोकादायक चालवणं आणि 189 खाली विनापरवाना शर्यत, दोन्हींत दंडासोबत तुरुंगवासाचीही तरतूद आहे. जपानी पोरं हे घाटरस्त्यांवर शिकली आणि 'ड्रिफ्ट किंग' म्हणवला जाणारा केइची त्सुचिया तिथूनच पुढे आला, हे खरं. पण म्हणून काही आपण कन्नड घाटात जायचं नाही. तिथे समोरून गाडी येते.

शिकवायला धुळ्याचे मिस्त्री, आप्पा. तरुणपणी त्यांनी ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या मैदानावरच्या वेळ लावून होणाऱ्या शर्यतींत, गाड्या पळवल्यात. स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी त्यांनी अर्धी सकाळ गाडी रिकामी करण्यात घालवली. जॅक, पाना, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा बाहेर. बाटली घरंगळून ब्रेकच्या पायडलखाली गेली तर ब्रेक दाबला जाणार नाही, म्हणून. मग सीट पुढे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. पट्टा, हेल्मेट, हाताशी अग्निशामक. मागे गोटा झालेले टायर घातले आणि हवा थोडी जास्त भरली, म्हणजे पकड आणखी कमी. भुईकाटा, गाठी बांधायच्या प्रेसचं शेड आणि कंपाउंडची भिंत यांपासून भरपूर अंतर सोडून रिकाम्या प्लॅस्टिक कॅनचं वर्तुळ मांडलं. बघायला आलेल्या पोरांना ऑफिसच्या ओट्यावर बसवलं. गाडी चालू असेपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. एकाच्या हातात लाल फडकं : ते हललं की काही विचारायचं नाही, गाडी थांबवायची.

आणि पाणी. आगीच्या भीतीने जिनिंगमध्ये टाकी आणि जाड होजपाइप असतोच, त्याने काँक्रीट चिंब केलं. ओल्या जमिनीवर जी घसरण वीस-पंचवीसच्या वेगाला मिळते, तिच्यासाठी कोरड्यावर बराच जास्त वेग लागतो. टायरही फार झिजत नाहीत.

पहिला नियम गाडी घसरायच्या आधीच पाठ करून घेतला. गाडी गोल फिरली, आपल्या हातात राहिली नाही, की दोन्ही पाय खाली : क्लच आणि ब्रेक एकदम. हे त्यांनी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की ओट्यावरची पोरं हसायला लागली.

मग वर्तुळ. आधी नुसता वेग वाढवत गेलो तर गाडीचं नाक बाहेर जायला लागलं. स्टिअरिंग कितीही वळवा, गाडी सरळच जाते. अशा वेळी आणखी वळवायचं नसतं. रेस सोडायची, स्टिअरिंग थोडं मोकळं करायचं. वजन पुढे येतं आणि पुढचे टायर पुन्हा जमीन धरतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, तिथे माझी स्विफ्ट हेच करते. एकट्या या धड्यासाठीही मी एवढा खटाटोप केला असता.

त्यानंतर खरा प्रकार. दुसरा गिअर, गाडी वळवलेली, आणि रेस एकदम खाली. मागचं अंग सुटतं. डावीकडे वळताना ते उजवीकडे जातं, आणि त्याच क्षणी स्टिअरिंगही उजवीकडे न्यायचं. सांगायला सोपं. प्रत्यक्षात मागचं अंग सुटलेलं आधी कंबरेला कळतं, डोळ्यांना नंतर. माझे हात डोळ्यांची वाट बघत बसायचे, तोवर गाडीचं तोंड आलो त्या दिशेला. दोन्ही पाय खाली, पुन्हा पहिल्यापासून.

आप्पा शेजारी बसून माझ्या हातांकडे नाही, मानेकडे बघत होते. मी पुढच्या कॅनकडे टक लावली की ओरडायचे, "कथा दखी रायना रे भो? जठे दखशी, तठेच गाडी जाई!" (कुठे बघतोयस रे भाऊ? जिथे बघशील, तिथेच गाडी जाईल!) आणि तो कॅन खरोखर उडायचा. बाजूच्या काचेतून, वर्तुळाच्या पलीकडच्या कडेकडे बघायला लागल्यावर हातांना काही सांगावंच लागलं नाही. स्टिअरिंगसुद्धा दरवेळी आपण फिरवायचं नसतं. पकड सैल केली की घसरणीच्या दिशेला ते बरंचसं आपोआप वळतं, तळव्यांतून सरकू द्यायचं आणि हवं तिथे धरायचं. अंगठा आतल्या दांड्यात अडकलेला असला तर मुरगळतो.

रेसचं गणित हातांपेक्षा अवघड निघालं. जास्त दिली तर गाडी फिरते, कमी दिली तर घसरण संपते. आणि घाबरून एकदम सोडली तर मागचे टायर झटक्यात पकड घेतात नि गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. आप्पांच्या मते माणसं जास्त जखमी होतात ती या उलट्या फटक्यात. म्हणून रेस आणि स्टिअरिंग दोन्ही सोबतच, हळूहळू सरळ करत आणायचं.

हँडब्रेकचा धडा लवकर उरकला. क्लच दाबायचा, बटण दाबूनच ठेवून हँडब्रेक ओढायचा, मागचं अंग सुटलं की सोडायचा, मग क्लच सोडून रेस. क्लच दाबला नाही तर इंजिन बंद पडतं. क्लचला लाथ मारून घसरवायची पद्धतही आहे, पण नानांच्या प्लेटचा विचार करून ती आम्ही ठेवून दिली.

इंग्रजी आठचा आकडा अजून अर्धाच जमतो. पहिल्या गोलातून दुसऱ्यात जाताना वजन या बाजूवरून त्या बाजूला जातं, आणि तेवढ्या वेळात स्टिअरिंग पूर्ण उलटं न्यावं लागतं. माझं तिथे सरळच होतं, म्हणजे दोन वेगवेगळी वर्तुळं. शिवाय एकाच जागी घिरट्या घालताना रेडिएटरला वारा मिळत नाही, काटा वर चढतो. श्रावणातल्या दमट उकाड्यात तर दर काही फेऱ्यांनी बॉनेट उघडून चहा घ्यावाच लागायचा.

खर्च विचारणाऱ्यांसाठी : जुने टायर पंक्चरवाल्याकडे जवळपास फुकटात मिळाले, पेट्रोलने मात्र खिसा रिकामा केला. नव्या गाडीवर शिकायचं तर ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी बंद होतात का, ते आधी बघा. ते चालू असेपर्यंत गाडी घसरूच देत नाही. नानांना हँडब्रेकची नवी केबल टाकून द्यायची आहे, आणि गणपती पुन्हा डॅशबोर्डवर चिकटवायचाय.