आमची वाटचाल : टॉवेल बघायला ताजमध्ये

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. बाबांनी पूर्व भागात घरातच पॉवरलूम टाकून सुरुवात केली, रंगीत माल, किलोवर व्यापाऱ्याला जायचा, आजही जातो आणि त्याच्यावरच आमचं घर उभं राहिलंय. मला मात्र हॉटेल लाईन, म्हणजे हॉटेलांना टॉवेल पुरवायचं काम, करायचीच होती. हॉटेलवाले पहिला प्रश्न जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, असा विचारतात, दुसरा किती धुण्या टिकेल. बायको म्हणाली, अहो, एकदा चांगल्या हॉटेलात राहूनच बघू ना. आमचं शिलाई खातं तीच बघते.

मग रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या जुन्या दगडी इमारती बघत बघत थेट कुलाब्याला ताज, पॅलेस विंगमध्ये एक रात्र. ताज 1903 ला सुरू झालं आणि गेटवे 1924 ला, म्हणजे हॉटेल आधीचं! मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्यांचं नाव वाचून छाती भरून आली. घुमटाखालचा तो जिना आम्ही उगाचच दोनदा चढलो.

पण खरा वेळ गेला टॉवेलात. पिशवीत टेप आणि छोटा वजनकाटा नेलाच होता. हिशोब सोपा आहे, 70 बाय 140 सेंटीमीटरचा 500 जीएसएमचा टॉवेल साधारण 490 ग्रॅम भरतो. बायकोनं मात्र आधी कोपरे उलटे करून शिलाई बघितली, आणि बरोबरच केलं, कारण लॉन्ड्रीत गरम पाणी, ब्लीच आणि ड्रायर रोजचंच, त्यात टॉवेल आधी कडेनं जातो, मधला भाग नंतर. पांढरा वापरतात तोही त्यामुळंच, डाग ब्लीचनं काढता येतो.

परत आल्यावर तिनं किनारीला डबल शिलाई आणि कोपऱ्याला लॉक सुरू केलं, मी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, दुपदरी सूत घेतलं, आणि सॉफ्टनर जवळजवळ बंद केला, त्यानं हाताला मऊ लागतो पण पाणी नीट शोषत नाही. प्रत्येक सॅम्पल आम्ही धुऊन धुऊन वजन करतो, मगच दाखवतो. आता तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या हॉटेलांना आमचा माल जातो, रिपीट ऑर्डरी येतात.

सध्या बाथमॅटचं चाललंय, त्याला 800-900 जीएसएम लागतो, एवढी घट्ट वीण आमच्या जुन्या लूमवर बसत नाही, म्हणून रॅपियर, म्हणजे बिनधोट्याचा नवा लूम, बघतोय.